साठमारी ते पोलो : हत्तीच्या खेळांचा एक आढावा

मनुष्याने आपल्या करमणुकीसाठी जे जे प्राणी रिंगणात उतरविले, त्यांत हत्तीची कथा अगदी वेगळी आहे. कोंबडा, एडका, बैल, घोडा हे प्राणी शेकडो पिढ्या माणसाच्या दावणीला वाढले आणि माणसाने केलेल्या निवडीमुळे त्यांचे देह व स्वभाव पालटत गेले. हत्ती मात्र हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहूनही त्या अर्थाने कधीच माणसाळला नाही, कारण बंदिवासात त्याची पैदास अल्प होते आणि पीलखान्यांची भरती बहुतांशी रानातूनच होत आली. आज अंबारी वाहणारा किंवा चेंडूमागे धावणारा हत्ती एक तर स्वतः रानातून पकडून आणलेला असतो, नाही तर अशा पकडलेल्या हत्तिणीच्या वंशातला असतो. म्हणून हत्तीच्या खेळातील क्रौर्य मैदानावर शोधू जाणारा प्रेक्षक बहुधा रिकाम्या हाताने परत येतो. ते क्रौर्य खेळ सुरू होण्यापूर्वीच, प्रेक्षकाच्या दृष्टीआड उरकून घेतलेले असते. हे ध्यानी ठेवूनच या खेळांचा इतिहास, त्यांची आजची रूपे आणि त्यांविषयीचा कायदा यांचा विचार केला पाहिजे.

आपल्या देशात हत्तीची झुंज ही प्रथम राजाची मिरास होती. जहांगीर बादशहाने सरहद्दीवरील अमीर-उमरावांना जी बंधने घातली, त्यांत झरोक्यात बसून दर्शन देण्याप्रमाणेच हत्तींची झुंज लावण्याचीही मनाई होती. पर्वतप्राय प्राणी एकमेकांवर घालण्याचा अधिकार हे सार्वभौमत्वाचेच एक चिन्ह मानले जाई. शहाजहानच्या अमदानीत, १६३३ साली, आग्र्यास यमुनेकाठी लागलेल्या अशाच झुंजीतून सुधाकर नावाचा हत्ती बिथरून निघाला आणि घोड्यावर बसलेल्या चौदा वर्षांच्या औरंगजेबावर चालून गेला. शहाजाद्याने न डगमगता त्याच्या मस्तकावर भाला फेकला, घोडा कोसळल्यावरही तो पाय रोवून उभा राहिला, आणि दरबारच्या इतिहासकारांनी व चित्रकारांनी तो प्रसंग अमर करून ठेवला. त्या वर्णनांत शौर्य आहे, बक्षिसे आहेत, बापाची काळजी आहे. परंतु त्या मुक्या प्राण्यांना एकमेकांवर का घातले, हा प्रश्न कोणाच्या लेखणीस शिवलेला दिसत नाही.

हा बादशाही षोक पुढे मराठी संस्थानांनीही उचलला. बडोद्यास गायकवाडांच्या आखाड्यात हत्तींच्या झुंजी होत. खंडेराव महाराजांच्या काळी तेथे आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे, आणि १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्सची स्वारी बडोद्यास आली तेव्हा त्यांच्या सरबराईतही ही झुंज होतीच. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी साठमारीस आश्रय दिला. माजावर आलेला हत्ती तटबंद रिंगणात सोडावयाचा, साठमारांनी त्यास डिवचून अंगावर घ्यावयाचे, आणि तो धावून आला की माणूस शिरेल पण हत्ती शिरणार नाही अशा अरुंद दिंडीतून निसटून जावयाचे, अशी या खेळाची रीत होती. साठमारांचे धाडस खोटे नव्हते. ज्याचे पाऊल चुकले तो चिरडला जाई. परंतु माज ही नराच्या देहात ठरावीक काळी उद्भवणारी नैसर्गिक अवस्था आहे. रानात या दिवसांत तो मादीच्या शोधार्थ कोसच्या कोस भटकतो. त्या अस्वस्थतेला भिंतीत कोंडून तिचा तमाशा करणे, हा साठमारीचा गाभा होता. ज्या राजाने अस्पृश्यतेविरुद्ध झुंज दिली आणि शिक्षणाची दारे रयतेला उघडून दिली, त्याच्याच आश्रयाने हा खेळ वाढला, ही गोष्ट महाराजांचा अधिक्षेप करण्यासाठी सांगत नाही. एखाद्या युगाची करुणा किती दूरवर पोचते आणि कोठे थबकते, याची ती साक्ष आहे. आणि आपल्या युगाची करुणा कोठे थबकली आहे, हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

आता त्या दृष्टीआडच्या तयारीकडे वळू. हत्ती पकडण्याच्या तीन रीती आपल्याकडे रूढ होत्या: दक्षिणेत खड्डा खणून, आसामात शिकवलेल्या हत्तीच्या पाठीवरून फास टाकून, आणि म्हैसूर मुलुखात हाकारे घालून अख्खा कळप लाकडी कोटात कोंडून. या शेवटच्या रीतीस खेडा म्हणतात. काकनकोटच्या रानातील खेडा पाहावयास राजपाहुणे मुद्दाम नेले जात, म्हणजे प्राण्याचे स्वातंत्र्य हिरावण्याचा क्षण हाच एक प्रेक्षणीय सोहळा झाला होता. तेथील अखेरचा खेडा १९७१ साली झाला. पकडलेल्या हत्तीस मग जाड दोरांनी व साखळदंडांनी जखडून, उपाशी व जागरणात ठेवून, मारून, त्याचा प्रतिकार संपेपर्यंत छळले जाते, आणि तो खचला म्हणजे ज्या हाताने मारले त्याच हाताने घास भरविला जातो. सयामी लोक या विधीस फाजान म्हणतात. आपल्या पूर्वसूरींना यातील दुःख ठाऊक नव्हते असेही नाही. कौटिल्याने हत्ती मारणाऱ्यास देहान्ताचे शासन सांगितले आणि रोगी, गाभण व लेकुरवाळ्या हत्तिणी धरू नयेत असा दंडक घातला. ‘मातंगलीला’ या गजशास्त्रावरील ग्रंथात तर नव्याने धरलेला हत्ती रानातील सुखे आठवून कसा झुरत जातो, याचे वर्णन आहे. अर्थात हे ज्ञान हत्ती टिकवून वापरण्यासाठी होते, त्यास सोडण्यासाठी नव्हे.

संस्थाने मावळण्यापूर्वीच हत्ती राजाच्या आखाड्यातून तिकिटाच्या तंबूत शिरला होता. या देशातील पहिली सर्कस विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली उभी केली, ही मराठी माणसाच्या अभिमानाची गोष्ट. आणि त्या काळच्या प्रेक्षकास तिपाईवर बसणारा किंवा पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर उभा राहणारा हत्ती म्हणजे बुद्धीचा चमत्कारच वाटला असल्यास नवल नाही. परंतु कित्येक टन भार मागच्या दोन पायांवर पेलणे हा त्या देहाचा धर्म नव्हे; आणि खेळ संपल्यावर साखळीला बांधलेला हत्ती तासन्तास जागच्या जागी डोलत राहतो ते आनंदाने नव्हे, तर ती दीर्घ बंदिवासाने जडणारी मानसिक विकृती आहे, हे पशुवैद्यकाने आता निःसंशय ठरविले आहे. मुले टाळ्या पिटतात ते पुष्कळदा या दुखण्याला.

अमेरिकेत या क्रौर्याचा हिशेब अधिक उघडपणे मांडला गेला. टेनेसी प्रांतातील अर्विन गावी १९१६ साली मेरी नावाच्या सर्कशीतील हत्तिणीस, तिने माहुताला ठार केले म्हणून, रेल्वेच्या यारीवर जाहीर फाशी देण्यात आले. १९९४ साली होनोलुलूत टाइक ही हत्तीण शिक्षकास मारून रिंगणातून रस्त्यावर धावली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. दामू धोत्रे या मराठी माणसाने ज्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत हिंस्र श्वापदांच्या खेळांनी नाव मिळविले, तिनेही लोकमताच्या व स्थानिक कायद्यांच्या रेट्याखाली २०१६ साली हत्तींचे खेळ थांबविले आणि पुढच्याच वर्षी तंबू मोडला. पुढे २०२३ मध्ये ती सर्कस परतली, ती प्राण्यांशिवाय.

सर्कशीहून नवा आणि अधिक प्रतिष्ठित प्रकार म्हणजे हत्ती-पोलो. हा खेळ प्राचीन राजवैभवाचा अवशेष आहे, अशी समजूत पसरविली जाते. वस्तुतः त्याची जागतिक संघटना १९८२ साली नेपाळातील चितवनच्या रानालगत, टायगर टॉप्स या पर्यटकांच्या मुक्कामी, जेम्स मॅन्क्लार्क व जिम एडवर्ड्स या दोन हौशी परदेशी गृहस्थांनी उभारली. प्रत्येक हत्तीवर दोन माणसे, एक माहूत व एक खेळाडू. हातात लांबलचक काठी. प्रारंभी फुटबॉल वापरून पाहिला, पण हत्ती तो पायाखाली फोडून टाकू लागले, तेव्हा पोलोचा लहान चेंडू आला. हत्तीने गोलापुढे आडवे पडू नये, सोंडेने चेंडू उचलू नये, असेही नियम या खेळात आहेत. त्यांवरून या प्राण्यास खेळात स्वतःची काही इच्छा असेल, ही शक्यताच नियमकर्त्यांनी गुन्हा ठरविलेली दिसते. थायलंडातील किंग्ज कप ही स्पर्धा २००१ पासून हत्तींच्याच कल्याणासाठी निधी जमविण्याच्या नावाने चालली. अंकुशाच्या माराची चित्रफीत प्रसिद्ध झाल्यावर २०१८ नंतर ती बंद पडली. जयपुरात होळीच्या सुमारास भरणाऱ्या हत्ती-उत्सवातील पोलो व शर्यतीही प्राणिमित्रांच्या विरोधापुढे थांबल्या. चितवनजवळच्या सौराहात मात्र हत्तींच्या शर्यती व फुटबॉल पर्यटकांच्या आकर्षणासाठी भरविले जात आले आहेत.

येथे एका आर्थिक कारणाची दखल घेतलीच पाहिजे. थायलंडात १९८९ साली जंगलतोडीस मनाई झाली, आपल्याकडे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येतील लाकूडतोडीवर निर्बंध घातले. रान वाचविण्यासाठी काढलेल्या या हुकुमांनी ओंडके ओढणारे हत्ती व त्यांचे माहूत एकाएकी बेकार झाले, आणि त्यांतील पुष्कळ पर्यटनाच्या धंद्यात ओढले गेले. आमेरच्या किल्ल्यावर प्रवाशांना चढण चढवून नेणाऱ्या हत्तींची प्राणी कल्याण मंडळातर्फे २०१८ साली तपासणी झाली, तेव्हा दहांना क्षयाची बाधा व कित्येकांची दृष्टी अधू झालेली आढळली. क्षय हा माणसाकडून हत्तीस व हत्तीकडून माणसास होऊ शकतो, म्हणजे या सवारीचे भाडे प्रवासीही अजाणता आपल्या फुप्फुसांनी भरू शकतो.

आता कायदा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने खेळात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची नोंदणी आवश्यक केली आणि काही प्राणी या वापरातून सर्वस्वी वगळण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या अधिकाराने १९९८ साली अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह वगळले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती अधिसूचना उचलून धरली. हत्ती मात्र त्या यादीत नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, हत्ती १९७७ पासून बसलेला आहे. तथापि मालकीच्या दाखल्याची सोय ठेवून त्याच कायद्याने त्यास खासगी दावणीलाही राहू दिले. विक्रीस बंदी असल्यामुळे हस्तांतराच्या दस्तऐवजांवर पुष्कळदा बक्षीस किंवा देणगी असे लिहिले जाई. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१३ साली सर्कशीत हत्ती ठेवण्यास प्रतिबंध केला, हे एक निश्चित पाऊल. परंतु २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक ‘किंवा अन्य कोणत्याही’ प्रयोजनासाठी बंदिवान हत्तीच्या हस्तांतरास वाट मोकळी केली, आणि २०२४ च्या नियमांनी तिची कार्यपद्धती ठरवून दिली. ज्या देशाने २०१० साली हत्तीस राष्ट्रीय वारसा प्राणी म्हणून गौरविले, त्याच्या कायद्यात ‘अन्य कोणत्याही’ हे दोन शब्द किती सैल आहेत, हे सांगावयास वकिलाची गरज नाही.

हत्तीच्या वापरावरील बंदीच्या विरोधकांचे आक्षेपही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप परंपरेचा व भक्तीचा. जोतिबाच्या डोंगरावरील सुंदर हत्ती २०१४ साली न्यायालयाच्या आदेशाने बन्नेरघट्ट्यास गेला. नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तीण २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जामनगरास हलविली गेली, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील हजारो लोक रस्त्यावर आले. त्या क्षोभात खरी माया होती, आणि रोगनिदान, स्थलांतर व नवे ठिकाण यांविषयी लोकांस विश्वासात घेतले जात नाही, ही तक्रारही सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तरीही न्यायालयाने जे तत्त्व मांडले ते मायेपेक्षा व्यापक आहे: माणसाचा वापराचा हक्क आणि प्राण्याचा सुसह्य जगण्याचा हक्क यांत संघर्ष आला, तर दुसऱ्याने वरचढ ठरावे. माया ही मालकीची सनद होऊ शकत नाही. मुंबईत वरातींसाठी व भिक्षेसाठी फिरविली गेलेली बिजली २०१३ साली मुलुंडला कोसळून मेली, तेव्हाही तिच्याभोवती हळहळणारी गर्दी जमली होती.

दुसरा आक्षेप माहूत व चारा आणणारे चारकटे यांच्या पोटाचा, आणि तो अधिक भारी आहे. हत्तीच्या पायाशी आयुष्य काढणारा हा वर्ग तुटपुंज्या पगारावर व नित्य जिवावरच्या धोक्यात राहतो; नफा मालकाचा, जखम माहुताची, असा या धंद्याचा शिरस्ता आहे. खेळ बंद झाले तरी आज बंदिवासात असलेल्या सुमारे अडीच हजार हत्तींना मरेपर्यंत चारा, पाणी, औषध व ओळखीचा सांभाळणारा लागेलच, कारण त्यांतील बहुतेकांना पुन्हा रानात सोडणे शक्य नाही. तेव्हा माहुताचे ज्ञान फुकट जाण्याची भीती व्यर्थ आहे. प्रश्न त्याचा पगार खेळाच्या तिकिटातून यावा की सरकारी तिजोरीतून व पुनर्वसन केंद्रांच्या निधीतून, एवढाच आहे.

खेळांचे नियम सुधारावेत, अंकुशाऐवजी वेताची काठी वापरावी, सामन्यांचा वेळ कमी करावा, अशा मध्यममार्गी तजविजी अधूनमधून पुढे येतात. त्यांचा दोष असा की त्या मैदानावरच्या अर्ध्या तासाची व्यवस्था लावतात आणि त्यापूर्वीच्या छळाला हात लावत नाहीत. प्रेक्षणीयता हवीच असेल तर ती हत्तीवाचूनही साधते: जर्मनीतील रोंकाली सर्कशीने प्रकाशाने रेखाटलेले हत्ती रिंगणात आणले, केरळात त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिल्ली मंदिराने २०२३ साली उत्सवासाठी यांत्रिक हत्ती स्वीकारला, आणि देवही रागावला नाही, भाविकही ओसरले नाहीत. म्हणून मागणी स्पष्ट असावी: १९९८ च्या यादीत हत्तीचे नाव घालावे, हस्तांतराच्या तरतुदीतील ‘अन्य कोणतेही प्रयोजन’ काढून टाकावे, नवे मालकी दाखले देणे बंद करावे, आणि आहेत त्या हत्तींच्या व माहुतांच्या निर्वाहाची जबाबदारी सरकारने आपल्या अंदाजपत्रकात लिहून घ्यावी. या चार गोष्टींना कोणत्याही नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. वाघासाठी आपण जे पूर्वीच मान्य केले, ते त्याच परिशिष्टात बसलेल्या हत्तीसही लागू करणे, एवढेच काम उरले आहे.