गादी रिकामी होते तेव्हा

गादीला वारस कोण, हा प्रश्न उठतो राजवाड्यात. पण त्याची झळ लागते ती राजवाड्याबाहेरच्या माणसांना. अठराव्या शतकातील ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धाची हकिकत अशीच आहे.

व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्यातील सम्राट सहावा चार्ल्स याने 1713 साली एक सनद काढली. राज्याची वाटणी होऊ नये, आणि आपल्याला पुत्र नसल्यास गादी आपल्या मुलीकडे जावी, असा तिचा आशय. थोरल्या भावाच्या मुलींचा हक्क त्यामुळे मागे पडला. त्या पुढे सॅक्सनी आणि बव्हेरियाच्या राजघराण्यांत दिल्या गेल्या, आणि तंट्याचे बी तेथेच पेरले गेले. चार्ल्सला 1716 साली झालेला मुलगा काही महिन्यांतच दगावला. 1717 साली मारिया थेरेसा जन्मली. मग या सनदेला दरबारोदरबारची मान्यता मिळवण्यात सम्राटाची वर्षे गेली. प्रशियाने, इंग्लंडने, फ्रान्सनेही ती दिली. तिजोरी मात्र रिती होत गेली.

हा सम्राट संगीताचा खरा जाणकार होता. ऑपेरात स्वतः हार्पसिकॉर्डवर बसून त्याने साथ केलेली आहे. व्हेनिसच्या आंतोनियो व्हिवाल्दीने 1727 साली व्हायोलिनच्या बारा रचना त्याला अर्पण केल्या. व्हिवाल्दी हा व्हायोलिनवादकाचाच मुलगा. अनाथ मुलींच्या आश्रमात संगीत शिकवण्यात त्याच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. 1728 साली दोघांची भेट झाली. सम्राट त्याच्याशी संगीतावर भरभरून बोलला आणि त्याला पैसा व सोन्याची साखळी दिली, असे त्या काळच्या एका पत्रात नमूद आहे. पुढे व्हेनिसमध्ये त्याच्या संगीताची चाह ओसरली. 1740 साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, व्हिवाल्दीने व्हिएन्नाची वाट धरली. राजाश्रयाच्या आशेनेच धरली असावी.

त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला सम्राट वारला. दुखवट्यासाठी नाटकगृहांचे दरवाजे बंद झाले. मारिया थेरेसा अवघी तेवीस वर्षांची, त्यात गरोदर. दोन महिन्यांच्या आत प्रशियाचा तरुण राजा फ्रेडरिक याने तिच्या सायलेशिया प्रांतात फौजा घुसवल्या. बापाने दिलेला शब्द मुलाने पाळला नाही. आणि हा फ्रेडरिक उत्तम बासरीवादक! संगीताने मन मृदू होते, असे आपण शिष्यांना सांगत असतो. ते खोटे नव्हे. पण मैफलीत मृदू झालेले मन राज्यलोभापुढे टिकतेच, असेही नव्हे.

पाठोपाठ फ्रान्स आणि बव्हेरिया रणात उतरले. 1742 साली सम्राटपदही बव्हेरियाच्या चार्ल्स अल्बर्टकडे गेले. मारिया थेरेसा मात्र डगमगली नाही. 1741 च्या जूनमध्ये हंगेरीचा मुकुट तिने मस्तकी धारण केला, आणि सप्टेंबरात तेथील सरदारांपुढे उभी राहून मदत मिळवली. 1745 साली तिचा पती फ्रान्सिस सम्राट झाला. 1748 च्या एक्स-ला-शापेल येथील तहाने तिचा वारसा मान्य झाला. सायलेशिया मात्र फ्रेडरिककडेच राहिला.

व्हिवाल्दीला यातले फारसे काही दिसले नाही. 1741 च्या जूनअखेरीस त्याने आपल्या काही रचना एका सरदाराला विकल्या. 28 जुलै रोजी व्हिएन्नातच, थोडक्या खर्चात, त्याचे दफन झाले. पुढे जग त्याला जवळजवळ विसरले. 1926 साली आणि त्यानंतर त्याच्या हस्तलिखितांचे मोठे संग्रह उजेडात आले. ते आज इटलीतील तुरिन येथील ग्रंथालयात जतन केलेले आहेत.

सम्राटाच्या सनदेला युरोपातील राजांची मान्यता होती, तरी ती लढाई टाळू शकली नाही. या गरीब वादकाच्या कागदांवर कोणाचीच मोहोर नव्हती. ते मात्र अजून वाजत आहेत.