नदीकाठची माती आणि भूकंप : उज्जैनच्या रामघाटाच्या संदर्भात

प्रस्तावना

उज्जैन येथील शिप्रा नदीवरचा रामघाट हे सिंहस्थ पर्वातील स्नानाचे प्रमुख स्थान होय. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. पर्वकाळात या काठावर लाखोंचा समुदाय येतो. त्यामुळे घाटाच्या पायाखालील जमीन भूकंपात कशी वागेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भारतीय मानक १८९३ च्या २००२ मधील नकाशात उज्जैन दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखविले आहे. परंतु तेवढ्यावरून निश्चिंत राहता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी हजारो बळी घेणाऱ्या भूकंपापूर्वी किल्लारीही नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रातच होते.

मातीचा परिणाम

खडकातून आलेल्या लहरी मऊ मातीच्या जाड थरात शिरल्या की अनेकदा त्यांचा हादरा वाढतो. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. सदोष बांधकामाबरोबरच साबरमतीकाठचा गाळाचा थरही त्यास कारणीभूत होता.

दुसरा परिणाम म्हणजे द्रवीकरण. पाण्याने भरलेल्या सैल वाळूला हादरे बसले की कणांमधील पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. पाण्याचा दाब वाढतो, कणांचा एकमेकांवरील आधार सुटतो आणि जमीन द्रवासारखी वागते. १९६४ मध्ये जपानमधील निगाता येथे इमारती न मोडता आडव्या कलल्या. नदीकाठी अशी जमीन पात्राकडे सरकते व भिंती, पायऱ्या सोबत ओढून नेते.

तपासणी व उपाय

सीड व इद्रिस यांनी १९७१ मध्ये भूकंपाचा ताण आणि मातीची प्रतिकारशक्ती यांची तुलना करण्याची सोपी पद्धत मांडली. प्रतिकारशक्ती मोजण्यासाठी विंधनछिद्रात ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर खाली जाण्यास लागणारे ठोके मोजतात. ठोके कमी, तर माती सैल.

माळव्यातील चिकट काळी माती सहसा द्रवीभूत होत नाही; नदीकाठी तिच्याखाली वा शेजारी वाळूचे थर असल्यास धोका संभवतो. म्हणून संपूर्ण शहराचा एक क्षेत्रक्रमांक पुरेसा नसून घाटाच्या जागेवरच छिद्रे घेणे आवश्यक आहे. सैल थर आढळल्यास माती दाबून घट्ट करणे, खडीचे स्तंभ उभारणे किंवा पाण्याला निचरा देणे हे उपाय उपलब्ध आहेत.

निष्कर्ष

नकाशा प्रदेशाचा धोका सांगतो, जागेचा नाही. हे वर्गात दाखविणे सोपे आहे : पसरट भांड्यात सैल ओली वाळू घेऊन वर वीट उभी करावी व भांड्याला हलके ठोके द्यावेत. विद्यार्थ्यांसमोर वीट कलते, पाणी वर येते. नंतर तीच वाळू दाबून प्रयोग पुन्हा करावा.