बालकांचा अतिसार : लेखांक ७ – बाटली कोणासाठी?

जस्ताच्या गोळीचे प्रकरण आज पुरे करण्याचे मी गेल्या आठवड्यात कबूल केले होते. परंतु परंड्याच्या एका शिक्षिकाबाईंनी पत्रातून विचारलेला प्रश्न इतका मूलगामी आहे की जस्ताला आठवडाभर थांबविणे भाग आहे. त्यांच्या दीड वर्षाच्या नातवाला पाण्यासारखे जुलाब लागले तेव्हा दवाखान्यात जलसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या एवढ्यावरच बोळवण झाली, शेजारच्या मुलाला मात्र प्रतिजैविकाची बाटली मिळाली. तर आमच्या मुलावर अन्याय झाला काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

अन्याय मुळीच झाला नाही. तान्ह्या मुलांच्या पाणीदार जुलाबांमागे बहुधा रोटासारखे विषाणू असतात, आणि विषाणूंवर प्रतिजैविकाची मात्रा चालत नाही. भारतासह सात देशांतील आठ हजारांहून अधिक बालकांवर, तीही सुकलेली किंवा कुपोषित, ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची जी चाचणी झाली आणि २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तिच्यातही मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखी तफावत आढळली नाही. पटकीचा संशय असून मूल फार सुकले असेल, तर गोष्ट निराळी.

इलाज खरोखर बदलतो तो शौचात रक्त दिसल्यावर. ही रक्ताची आव बहुधा शिगेला जंतूची, आणि तिचा इतिहास मला फार बोधप्रद वाटतो. १९८४ साली पश्चिम बंगालात तिची साथ उसळली तेव्हा नेहमीची औषधे निष्फळ ठरून नॅलिडिक्सिक आम्लाने हात दिला. पुढे तेही लुळे पडले आणि त्याची जागा सिप्रोफ्लॉक्सॅसिनने घेतली, ज्याची तीन दिवसांची मात्रा जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली नेमून दिली. आज त्यालाही दाद न देणारे जंतू आपल्या देशात सर्रास सापडतात, सबब डॉक्टरांना ॲझिथ्रोमायसिन वा सेफिक्झिम यांचा आश्रय घ्यावा लागतो. पाणीदार जुलाबांवर व्यर्थ खर्ची पडलेला प्रत्येक चमचा हाच ऱ्हास पुढे नेतो.

जुलाबांवरील ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल यांच्या जोड-मिश्रणाविषयी तर माझी स्पष्ट तक्रार आहे. एक औषध जंतूंसाठी, दुसरे अमीबासाठी, म्हणजे निदान न करताच दोन्हींवर मारा; वास्तविक दोन वर्षांखालील मुलांत अमीबाची आव क्वचितच आढळते.

रक्त आहे की नाही हे पाहण्यास पदवी लागत नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने आपल्या जिल्ह्यात गावच्याच स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ केले. तशी बाई किंवा आशाताई हे ओळखू शकते, आणि आईही.

तेव्हा बाईंना विनंती इतकीच, की नातवाच्या शौचात रक्त दिसले, तो पाणी पिईनासा झाला किंवा मलूल पडला, तर त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि शेजाऱ्यांची उरलेली बाटली कोणत्याही परिस्थितीत मागून आणू नये. जस्ताचे पुढील आठवड्यात.