रापलेला रणगाडा

(पुठ्ठ्याचा छोटा रणगाडा खराखुरा कसा दिसेल? त्यासाठी रंगाइतकीच निरीक्षणाची गरज असते. ही कला कशी साधावी, ते या पाठात सांगितले आहे.)

दिवाळी जवळ आली की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गल्लीबोळांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड, विटा, जुनी पोती आणि चिखल यांतून बुरूज तयार होतात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली की चारपाच दिवसांत हिरवळ उगवते. किल्ला पाहायला आलेली माणसे पहिला प्रश्न विचारतात, "हा कोणता किल्ला?" ज्या मुलांनी नुसताच मातीचा ढीग रचलेला असतो, ती गप्प बसतात. ज्यांनी अजिंक्यतारा किंवा मच्छिंद्रगड नीट पाहून किल्ला केलेला असतो, ती दरवाजा कोठे आहे, तळे कोठे आहे, हे बोट दाखवून सांगतात. खऱ्या वस्तूच्या मापाशी आणि रूपाशी इमान राखून केलेल्या छोट्या नकलेला प्रतिकृती म्हणतात.

किल्ल्याप्रमाणेच रणगाड्याचीही प्रतिकृती करता येते. सातारा जिल्ह्याला सैनिकांची मोठी परंपरा आहे. देशातील पहिले सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाले. साताऱ्याजवळचे एक गाव तर अपशिंगे मिलिटरी या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले. आजही तेथील घराघरांतून मुले सैन्यात जातात. तेव्हा रणगाडा ही आपल्यासाठी केवळ चित्रातली वस्तू नाही. ज्यांनी तो जवळून पाहिला, अशी माणसे आपल्या आसपास राहतात.

प्रथम माप ठरवू या. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात आपल्या सैन्याकडे सेंच्युरियन नावाचे रणगाडे होते. तोफेची नळी सोडली तर त्याचे धड सुमारे ७.६ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद आणि जमिनीपासून ३ मीटर उंच होते. वजन सुमारे ५० टन. आत चार माणसे बसत. जगभरचे हौशी कारागीर रणगाड्याची प्रतिकृती बहुधा खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी करतात. हा पस्तीसचा आकडा कोठून आला, याची हकिकत गमतीदार आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधील तामिया या कंपनीने एक खेळण्यातला रणगाडा बनवला. आत विजेची मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून त्याचा आकार तेवढा ठेवला. मागाहून मोजले, तेव्हा तो खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या भागाएवढा भरला. पुढे तेच माप रूढ झाले. या हिशेबाने आपला सेंच्युरियन सुमारे २२ सेंटिमीटर लांब, पावणेदहा सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ सेंटिमीटर उंच होईल.

धड आणि वरचा घुमट यांसाठी जाड पुठ्ठा घ्यावा. तोफेसाठी कागदाची घट्ट गुंडाळी करावी. प्रत्येक बाजूला जमिनीवरची सहा चाके असतात. त्यांसाठी बाटल्यांची झाकणे चालतात. चाकांभोवती फिरणारा लोखंडी पट्टा करायला खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यावा. त्याचा वरचा कागद ओला करून सोलून काढला की आतल्या उभ्या रेघा दिसू लागतात. पट्ट्याच्या कड्या हुबेहूब तशाच दिसतात. सर्व भाग चिकटवून झाले की डिंकात किंवा फेविकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून तो हात सगळीकडे फिरवावा. त्यामुळे पुठ्ठा रंग शोषून घेत नाही.

आता मुख्य रंग. भारतीय सैन्याचे रणगाडे बहुधा गडद शेवाळी हिरव्या रंगाचे असतात. पिवळ्या रंगात थोडा थोडा काळा मिसळत गेले की असा हिरवा तयार होतो. करून पाहा, आश्चर्य वाटेल. मात्र तो आहे तितकाच गडद ठेवू नये, त्यात किंचित पांढरा मिसळावा. याचे कारण अजिंक्यताऱ्यावर उभे राहिले की समजते. जवळची झाडी गर्द हिरवी दिसते, तर पश्चिमेकडचे लांबचे डोंगर फिकट निळसर दिसतात. वस्तू आणि डोळा यांच्यामध्ये जितकी हवा जास्त, तितका रंग फिका दिसतो. छोटा रणगाडा आपण हातभर अंतरावरून पाहतो, पण तो लांब उभ्या असलेल्या मोठ्या रणगाड्यासारखा दिसायला हवा असतो. म्हणून रंगही थोडा फिका हवा.

हा पहिला रंग कापडावर मारण्याचा असावा. तो वाळला की पाण्याने सुटत नाही. पुढची कामे आपण पाण्यात विरघळणाऱ्या पोस्टर रंगांनी करणार आहोत. खालचा रंगही तसाच असेल तर सगळा एकमेकांत मिसळून चिखल होईल. एकच जाड हात देऊ नये. मिरजेचे कारागीर सतारीला पॉलिश करतात, तेही पातळ पातळ हातांनी. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे होते. घाई केली की काम बिघडते, हा धडा दोन्ही धंद्यांत सारखाच. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा द्यावा आणि मग एक दिवस थांबावे.

दुसऱ्या दिवशी रणगाडा हिरवागार आणि अगदी नवा कोरा दिसेल. येथेच पुष्कळजण थांबतात. पण असा रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. खरे यंत्र ऊन, वारा, पाऊस आणि धूळ खाऊन रापलेले असते. शेतकऱ्याचा चेहरा उन्हाने रापतो, तसेच हे. रापलेपण आणण्याच्या मुख्य रीती तीन.

पहिली रीत पातळ रंगाची. काळा आणि तपकिरी पोस्टर रंग पाण्यात मिसळून बिनदुधाच्या चहाइतका पातळ करावा. तो सर्वत्र लावला की सांध्यांत आणि खाचांत जाऊन बसतो. वर राहिलेला किंचित ओल्या कापडाने पुसून घ्यावा. खाचा गडद होतात आणि प्रत्येक भाग वेगळा उठून दिसतो.

दुसरी रीत कोरड्या ब्रशाची. मूळ रंगात पांढरा मिसळून फिकट हिरवा करावा. ब्रश त्यात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर पुसून टाकावा. आता ब्रशात रंग उरलाच नाही, असे वाटले की तो कडांवरून हलकेच फिरवावा. कडा उजळतात.

तिसरी रीत स्पंजाची. स्पंजाच्या लहान तुकड्याला गडद करडा रंग लावून टिपावा आणि जेथे रंग उडाला असेल तेथे हळूच टेकवावा. पण रंग नेमका कोठे उडालेला असेल? येथे हातापेक्षा डोके जास्त चालवावे लागते.

रणगाड्यावरच्या प्रत्येक खुणेला कारण असते. माणसे जेथे पाय देऊन वर चढतात, तेथील रंग बुटांनी घासतो. आत उतरण्याच्या झाकणाची कड रोजच्या हाताळण्याने उघडी पडते. धूर सोडणाऱ्या नळीजवळ काजळी साचते. इंधन भरण्याच्या तोंडाजवळ ते सांडून काळपट डाग पडतात. धूळ खालच्या भागावर जास्त असते. पावसाने ती धुपते आणि वरून खाली ओघळ उमटतात. ओघळ कधी आडवे नसतात, कारण पाणी आडवे वाहत नाही. ज्या खुणेचे कारण सांगता येत नाही, ती पुसून टाकावी.

गंजाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. उर्दूत गंजाला आपण जंग म्हणतो आणि लढाईलाही जंग म्हणतो, उच्चार मात्र थोडा वेगळा. मराठीत जंग म्हणजे बहुधा लढाई. उलट उर्दूत गंज म्हणजे खजिना! हा मराठी गंज मात्र जपून वापरावा. नवशिके कारागीर सगळ्या रणगाड्यावर तांबडा रंग फासतात. पण सेनेतल्या रणगाड्याची रोज निगा राखली जाते आणि त्याच्या अंगावर रंगाचे संरक्षण असते. तो काही महिन्यांत गंजून जात नाही. लोखंडी पट्ट्यांना मात्र रंग टिकत नाही. पावसात त्यांवर लवकर तांबूस झाक येते. पण पट्ट्याचा जो भाग जमिनीवर घासतो, तो चांदीसारखा चकाकतो. म्हणून पट्टे आधी गडद तपकिरी रंगवावेत. मग वर आलेल्या रेघांवर मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे. पोलादाची चमक येते.

शेवटचे काम मातीचे. आपल्या दोन जिल्ह्यांत मातीचे अनेक रंग आहेत. महाबळेश्वरची माती लोहामुळे तांबडी असते. कृष्णाकाठची काळीभोर असते. माण आणि जत या दुष्काळी तालुक्यांत फिकट मुरूम दिसतो. कोणतीही माती वाळवून, कुटून, पातळ कापडातून गाळावी. पाणी आणि थोडा डिंक घालून ती पट्ट्यांत आणि चाकांमागे लावावी. जुन्या टूथब्रशाने शिंतोडे उडवले की चिखल उडाल्यासारखा दिसतो.

मात्र आपल्या दाराची माती प्रत्येक रणगाड्याला चालणार नाही. आधी विचारावे, हा रणगाडा लढला कोठे? १९६५ च्या सप्टेंबरमध्ये ८ ते १० तारखेला पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावी रणगाड्यांची मोठी लढाई झाली. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चाल करून आले. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले होते. आपले सेंच्युरियन रणगाडे उभ्या उसात दबा धरून होते. जडशीळ पॅटन चिखलात रुतले आणि माऱ्यात सापडले. कराड किंवा वाळवा तालुक्यातल्या मुलांना हे चटकन समजेल. पाणी दिलेल्या उसात ट्रॅक्टर घातला तर काय होते, ते त्यांनी पाहिलेले असते. याच लढाईत चौथ्या ग्रेनेडिअर्स पलटणीचे हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे टिपत राहिले. १० सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

पंजाबची माती नद्यांच्या गाळाची, फिकट पिवळसर तपकिरी. तिच्यावर कृष्णाकाठचा काळा चिखल लावला तर प्रतिकृती खोटे बोलेल. मग उपाय काय? किराणा दुकानात मिळणारी मुलतानी माती घ्यावी आणि तिच्यात थोडा तपकिरी रंग मिसळावा. रंग बराच जुळतो. मुलतान हे शहरही त्याच पंजाबच्या मैदानातले, पाकिस्तानकडच्या भागातले. पट्ट्यांत उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे अडकवले की असल उत्तरचे शेत डोळ्यांपुढे उभे राहते.

खरे रणगाडे पाहायचे असतील तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जावे. तेथे १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. गावात निवृत्त सैनिक असतील तर त्यांच्याकडे जावे. चिखल कोठे चिकटत होता, रंग कोठे उडत होता, हे त्यांना विचारावे. पुस्तकात नसलेली माहिती मिळेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. काही मुले शोभेसाठी रणगाड्याला गोळ्याचे भोक पाडतात आणि भोवती काळे फासतात. ते छान दिसते, असे त्यांना वाटते. पण त्या पोलादामागे चार माणसे बसलेली होती. झाकणाच्या कडेचा रंग त्यांच्याच हातांनी झिजला होता. भोक दाखवायचे असेल तर तो रणगाडा कोणाचा, तो दिवस कोणता आणि आतल्या माणसांचे काय झाले, हे आधी शोधावे. मग एका लहान चिठ्ठीवर ते लिहून रणगाड्यापाशी ठेवावे. तेवढे ठाऊक नसेल, तर भोक पाडू नये. बुटांनी घासलेली पायरी पुरेशी आहे.

शब्दार्थ
इमान राखणे – प्रामाणिक राहणे
रापणे – ऊन-वाऱ्याने रंग बदलणे
कामी येणे, धारातीर्थी पडणे – लढाईत मरण येणे
दबा धरणे – लपून वाट पाहणे
पाचट – उसाचा वाळलेला पाला

स्वाध्याय
१. प्रतिकृती कशाला म्हणतात?
२. कारणे द्या : (अ) मुख्य रंगात किंचित पांढरा मिसळावा. (आ) ओघळ आडवे काढू नयेत.
३. असल उत्तरच्या लढाईत पॅटन रणगाडे का अडकले?
४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत असलेले, पण वेगळ्या अर्थांचे पाच शब्द शोधा.
५. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू पाहा. तिच्यावरच्या तीन खुणा कशाने झाल्या असतील, ते लिहा.