थळ ते खांदेरी, एका ओळीत

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की अलीकडे उंदेरी बेट दिसतं आणि पलीकडे, साधारण पाच किलोमीटरवर, खांदेरी. आता एक हिशोब करू. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’चा इंग्रजी अनुवाद साडेपाच लाख शब्दांच्या पुढे जातो. अनुवादक बदलला की आकडा थोडा हलतो, म्हणून ५ लाख ६० हजार धरू. छापलेला एक शब्द, पुढच्या मोकळ्या जागेसकट, सरासरी एक सेंटिमीटर जागा घेतो. सगळे शब्द एकाच ओळीत मांडले तर ती ओळ ५.६ किलोमीटर लांब होते. पहिला शब्द थळच्या वाळूत ठेवला तर शेवटचा खांदेरी ओलांडून पलीकडच्या पाण्यात पडेल.

ही ओळ पोहून जायची की नाही, असा हा प्रश्न. बहुतेक लोक तो पुस्तकाच्या दुकानातच सोडवतात. बाराशे-चौदाशे पानांचं पुस्तक हातात घेतात, मनगटाला वजन कळतं, आणि पुस्तक फळीवर परत जातं. माझ्या मते पानांचा आकडा या बाबतीत सगळ्यात कुचकामी. उपयोगाचा आकडा आहे प्रकरणांचा. मूळ रशियनमध्ये चार खंड आणि दोन भागांचा उपसंहार मिळून ३६१ प्रकरणं आहेत. लांबी भागिले प्रकरणं केलं की एका प्रकरणाला साडेपंधराशे शब्द येतात, म्हणजे दिवाळी अंकातल्या एखाद्या आटोपशीर लेखाएवढे. सलग साडेपाच लाख शब्द वाचायला कुणी सांगितलेलंच नाही. या कादंबरीचे सुरुवातीचे भाग तर लोकांनी १८६५ पासून ‘रूस्की व्हेस्तनिक’ या मासिकात तुकड्या-तुकड्यांनीच वाचले. त्याच मासिकात १८६६ साली दस्तयेवस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ही क्रमशः येत होती. वर्गणी भरून बसलेल्या त्या वाचकांचा मला अजून हेवा वाटतो. इकडे खांदेरीवरचा दीपस्तंभ उभा राहिला तोही त्याच सुमाराला, १८६७ मध्ये.

वाचणाऱ्याचे कष्ट मोजायचे तर लिहिणाऱ्याच्या घरातलेही मोजायला हवेत. टॉलस्टॉयचं अक्षर छापखान्याला लागत नसे. त्याची बायको सोफिया रात्री बसून मजकूर स्वच्छ उतरवून काढी, आणि सकाळी तो त्यावर पुन्हा खाडाखोड करी. तिने सगळी कादंबरी सात वेळा उतरवली असं त्या घरात सांगत. रशियन मजकूर सुमारे ४ लाख ६० हजार शब्दांचा, म्हणजे सात वेळचे ३२ लाख शब्द. ‘सात’ हा घरगुती आठवणीतला आकडा आहे, त्याला फार धरून बसायला नको. तीनच वेळा म्हटलं तरी पावणेचौदा लाख शब्द होतात, तेही दौत-टाकाने आणि मुलं सांभाळून. एवढं करून आपण तो मजकूर एकदासुद्धा वाचायचा कंटाळा करावा, हे बरं दिसत नाही.

आता युद्धाकडे. १८१२ मध्ये नेपोलियनने रशियावर जी फौज नेली ती एकूण सहा लाखांच्या आसपास होती. कादंबरीचे शब्द ५ लाख ६० हजार. एका शिपायाला एक शब्द द्यायचा म्हटलं तरी पुरत नाहीत. बोरोदिनोच्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सत्तर हजारांच्या घरात मेले किंवा जायबंदी झाले. मराठी वाचकाला मोठे आकडे नवे नाहीत म्हणा. एका अक्षौहिणीत हत्ती, रथ, घोडे आणि पायदळ मिळून २,१८,७०० होतात, आणि कुरुक्षेत्रावर अशा अठरा, म्हणजे ३९,३६,६००. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षं घेतली. श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय चातुर्मासात पोथी लावून ऐकणाऱ्या घरांना लांबीची भीती कधी वाटली नाही. रोजचा ठरलेला भाग झाला की पोथी बांधून ठेवायची. टॉलस्टॉयलाही हीच शिस्त लागते, दुसरी नाही.

दुसरी भीती नावांची. पात्रं साडेपाचशे ते सहाशेच्या दरम्यान, मोजणारा बदलला की आकडा बदलतो. शिवाय एकाच बाईला तीन-तीन नावं. पण इथे मराठी माणूस इंग्रजापेक्षा फायद्यात आहे. नताल्या इल्यिनिच्ना रस्तोव्हा म्हणजे इल्याची मुलगी नताल्या, घराणं रस्तोव. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव: आपल्या शिधापत्रिकेवर असतं तसंच. घरात ती नताशा. प्रत्येक आळीत एक बाळू आणि एक बेबी असलेल्या माणसाला हे जड जायचं कारण नाही. लक्षात ठेवायची घराणी चार-पाचच: बेझुखोव, बोल्कोन्स्की, रस्तोव, कुरागिन, फार तर द्रुबेत्स्कोय. बाकीचे येतात आणि जातात, त्यांना जाऊ द्यावं.

रशियन माणूस या किनाऱ्याला परकाही नाही. थळपासून वीसेक किलोमीटर दक्षिणेला चौल. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक घोडा घेऊन तिथे उतरला. वास्को द गामा यायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्याने लिहिलेलं प्रवासवर्णन एका बैठकीत वाचून होईल एवढंच आहे. परत जाताना घरी पोचायच्या आधी, स्मोलेन्स्कच्या अलीकडे तो वारला. हेच स्मोलेन्स्क टॉलस्टॉयच्या तिसऱ्या खंडात जळताना दिसतं.

राहिला वेळ. मिनिटाला १५० शब्द हा इंग्रजी सावकाश, मागे-पुढे बघत वाचणाऱ्याचा वेग. त्या वेगाने ५ लाख ६० हजार शब्दांना ६२ तास लागतात. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट तासाभरात येते, म्हणजे ३१ वेळा मुंबईला जाऊन यायचं आणि बोटीवर मोबाइल काढायचा नाही. किंवा पावसाळा घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, गेटवेच्या लाँचही बंद. दिवस ६१. रोज तासभर वाचलं की हिशोब जवळजवळ मिळतो. प्रकरणांनी मोजलं तर रोज सहा, आणि सहा गुणिले ६१ म्हणजे ३६६. पाच प्रकरणांची सूट उरते, ती वीज जाण्याच्या खात्यात टाकावी.

तेव्हा घ्यावी का? घ्यावी, पण दोन अटींवर. पहिला खंड, ऑस्टर्लिट्झच्या लढाईपर्यंतचा, पूर्ण करायचा आणि मगच सोडायचं की नाही ते ठरवायचं. सुरुवातीच्या दिवाणखान्यातल्या फ्रेंच गप्पांना कंटाळून सोडणारेच जास्त, आणि त्यांनी कादंबरी पाहिलेलीच नसते. हा खंड एकूण लांबीच्या पाव भागाच्या आसपास, म्हणजे आपल्या ओळीवर उंदेरीपर्यंतच. तिथून परतणाऱ्याला कुणी हसणार नाही. दुसरी अट: उपसंहाराच्या दुसऱ्या भागातली बारा प्रकरणं इतिहासावरचं प्रवचन आहेत, ती बिनदिक्कत गाळावीत. ज्यांना एवढंही नको त्यांनी त्याच टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ घ्यावी. ती एका संध्याकाळी होते, आणि कमी दर्जाची मुळीच नाही. बाकीच्यांसाठी बारा वजा जाता ३४९ प्रकरणं उरतात.