मोठ्या दवाखान्याची तारीख लांब आहे. तोवर बाळासाठी काय करायचे?

गेल्या १४ एप्रिलला घेतलेला फ्रॉक यंदाच्या १४ एप्रिललाही मुलीला नीट बसतो. शेजारचे तिच्याच वयाचे मूल तिच्याहून चार बोटे उंच दिसते. अंगणवाडी ताई म्हणतात, दवाखान्यात दाखवा. तिथले डॉक्टर चिठ्ठी देतात, मोठ्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिथे तारीख मिळते दीड महिन्यानंतरची.

मग घरात एक तर सगळे आईला बोलतात, नाही तर "होईल मोठी" म्हणून विषय सोडून देतात. मुलाला दोन्हींचा उपयोग नाही. तज्ज्ञ डॉक्टर पहिल्या भेटीत जे विचारतील त्याची उत्तरे याच दीड महिन्यात लिहून ठेवता येतात. शिवाय या काळात मूल आणखी खंगू नये, हेही आपल्याच हातात असते.

एका मापावरून काही ठरत नाही

मूल ठेंगणे आहे म्हणजे आजारी आहे असे नाही. आईवडील ठेंगणे असतील तर मूलही ठेंगणे राहू शकते, पण ते आपल्या चालीने वाढत राहते. डॉक्टर पाहतात ती ही चाल.

साधारणपणे बाळाचे जन्माचे वजन पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होते. जन्मताना सुमारे ५० सेंमी असलेली लांबी पहिल्या वाढदिवसाला ७५ सेंमीच्या आसपास जाते. दुसऱ्या वर्षी आणखी १२ सेंमीच्या जवळपास भर पडते. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढते.

माता व बाल संरक्षण कार्डात वाढीचा तक्ता असतो. मुलीचा वेगळा, मुलाचा वेगळा. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि ठिपका आपल्यासमोर मांडून घ्या. ठिपके जोडणारी रेषा खालच्या बाजूला असूनही वर चढत असेल तर थोडा धीर धरता येतो. रेषा आडवी पडली किंवा खाली वळली तर ती काळजीची खूण आहे. वजन शक्यतो त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत करावे. दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून मोजतात, त्यानंतर उंची उभे करून. रोज भिंतीशी उभे करून मोजू नये. त्यातून फक्त घोर वाढतो.

कारणे अनेक असतात

अपुरे जेवण, वारंवार होणारी हगवण, जंत आणि रक्तक्षय ही नेहमीची कारणे आहेत. पण क्षयरोग, जन्मतः असलेला हृदयाचा दोष, मूत्रपिंडाचा आजार, थायरॉइडची कमतरता, गहू न सोसणे यांमुळेही वाढ मंदावते. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, त्यानेही मूल बारीक आणि ठेंगणे राहू शकते. त्याची पहिली तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात होते, त्यासाठी तज्ज्ञांच्या तारखेची गरज नाही.

म्हणूनच आईला दोष देऊ नये. गंड्यादोऱ्याने किंवा दृष्ट काढल्याने थायरॉइड बरा होत नाही, औषधाच्या गोळीने त्यावर इलाज होतो. उंची वाढवणाऱ्या पावडरच्या डब्यावर मजुरीचा पैसा घालू नका. कुणी सांगितले म्हणून गहूही बंद करू नका. तपासणीआधी गहू बंद केला तर गहू सोसतो की नाही हे सांगणारी रक्ततपासणी चुकू शकते.

तोवर ताटात काय?

मुलाचे पोट लहान असते. म्हणून एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून ३ ते ४ वेळा जेवण आणि मध्ये एकदोनदा खाऊ लागतो. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे. वरणाचे नुसते पाणी देऊ नका. घट्ट वरण-भात कुस्करून त्यात चमचाभर तेल घाला. अंडे, नाचणीची खीर, शेंगदाण्याचा बारीक कूट द्या. अख्खे दाणे देऊ नका, ते घशात अडकतात. मुलाची वाटी वेगळी ठेवा, म्हणजे नेमके किती खाल्ले ते दिसते. अंगणवाडीतून मिळणारा आहार त्या मुलाचा आहे, तो घरभर वाटला जाऊ नये. जेवणाआधी चहा-बिस्कीट आणि पाच रुपयांचे पाकीट दिले की भूक मरते.

हगवण लागली तर ओआरएस द्या, डॉक्टरांनी दिलेल्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करा आणि जेवण बंद करू नका. एक वर्षानंतर जंताची गोळी वर्षातून दोनदा अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नका.

या वेळी तारखेची वाट पाहू नका

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, दोन्ही पावलांना सूज आली, मूल मलूल पडले, पिणे सोडले, सगळे ओकून टाकू लागले, झटके आले किंवा श्वास जोरात चालला, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. गाडीसाठी १०८ क्रमांक फिरवा. फार खंगलेल्या मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्र असते. तिथे मूल आईसोबत साधारण १४ दिवस राहते आणि उपचार मोफत होतात. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळण्याची तरतूद आहे, ती विचारून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक कधी येणार ते ताईंना विचारा. त्यांच्या चिठ्ठीवर पुढचे उपचार मोफत मिळतात.

जाताना सोबत न्या

संरक्षण कार्ड, जन्माचे वजन, आईवडिलांची उंची, आधीची औषधे व रिपोर्ट. एका कागदावर लिहा: मूल केव्हा बसले, केव्हा चालले, सहा महिन्यांत किती वेळा आजारी पडले, तीन दिवसांत काय काय खाल्ले. मनगटाचा एक्स-रे सांगितला तर घाबरू नका. हाडांचे वय कळण्यासाठी तो काढतात. निघण्याआधी तीन प्रश्न विचारा: कारण काय वाटते, कोणती तपासणी कुठे करायची, पुन्हा कधी यायचे.

बाप कामावर, आई एकटी, घरी दुसरे लेकरू, अशा अडचणीत कितीतरी तारखा हुकतात. वस्तीतल्या महिला मंडळाने अशा आईसोबत एक जण पाठवावी, मागे राहिलेले लेकरू एक जणीने सांभाळावे. तारीख हुकलीच तर पुढच्याच बाह्यरुग्ण दिवशी तीच चिठ्ठी घेऊन जावे आणि नवी तारीख घेऊनच परतावे.