तापाचा माग गोठ्यापर्यंत

मलेरियाचा रिपोर्ट निगेटिव्ह, डेंग्यूचाही निगेटिव्ह, सलाईन लावून झालं, तरी पोराचा ताप उतरत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी आईला विचारायलाच हवं : घरी कुत्रं, गुरं आहेत का? अंगावर गोचीड सापडला होता का?

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात वजन मिळालं त्यात अकोल्याचा मोठा वाटा आहे. इथले बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोचिडांमुळे होणाऱ्या ‘स्पॉटेड फीव्हर’च्या लवकर निदानासाठी गुणपद्धती मांडली, ती २०११ मध्ये ‘इंडियन पेडिअॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातलं घर, पाळीव जनावरं, तळहात-तळपायांवरची पुरळ, पायांवरची सूज, घटलेल्या प्लेटलेट्स, अशा प्रत्येक खुणेला त्यात गुण आहेत. महागड्या तपासण्या जिथे पोचत नाहीत, तिथल्या डॉक्टरांसाठी मला हे काम फार मोलाचं वाटतं.

या तापाचा जीवाणू रिकेट्सिया. हॉवर्ड रिकेट्स हे अमेरिकी संशोधक १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसचा शोध घेताना त्याच रोगाने गेले. त्यांचं नाव या जीवाणूला मिळालं. तो शरीराच्या पेशींच्या आतच वाढतो, तेही बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. त्या वाहिन्या पाझरू लागतात. पुरळ आणि सूज येते ती त्यामुळे. पेनिसिलीनच्या जातीची औषधं इथे चालत नाहीत. नेहमीच्या ब्लड कल्चरमध्येही हा जीवाणू उगवत नाही.

स्क्रब टायफस या तापाचा जवळचा नातलग. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याने माणसं दगावली, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. गवता-झुडपांत, उंदरांच्या वावराच्या जागी असणाऱ्या सूक्ष्म माइटची अळी चावते आणि तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. शिवाय ती बहुतेकदा काखेत, जांघेत, छातीखाली किंवा नाडा बांधतो तिथे असते. निंदणाला जाणाऱ्या बाईची अशी तपासणी व्हायची तर दवाखान्यात पडदा हवा, जवळ नर्सबाई हवी. आजही कित्येक ठिकाणी ती सोय नाही, आणि निदान तिथेच हुकतं.

औषध मात्र स्वस्त आहे : डॉक्सिसायक्लीन. वेळेवर दिलं तर साधारण दोन दिवसांत ताप उतरू लागतो. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या जुन्या भीतीने ते टाळलं जाई. पण थोड्या दिवसांच्या उपचाराने तसं होत नाही, आणि संशय असेल तर वयाकडे न पाहता ते द्यावं, असं आता मानलं जातं. पहिल्या आठवड्यात रक्तातली प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात. तेव्हा ती शोधणारी वाईल-फेलिक्स चाचणी निगेटिव्ह आली म्हणून औषध थांबवणं धोक्याचं.

आणि घरी एवढं करावं : अंगाला चिकटलेला गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा, जागा साबणाने धुवावी, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आलाच तर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी.